शैलाचे धडे आणि माझे साठ प्रश्न

शैला,

तुझ्या शोकसभेत मला तुझा हेवा वाटला. हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही, म्हणून तुलाच सांगते.

कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. तोच, निळ्या साडीतला, डोळे अर्धे मिटलेला, जो तुला कधीच आवडला नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते. अकरा वर्षं आपली टेबलं शेजारी, तेव्हा ती जागा माझीच, असं मी धरून चालले होते. प्राचार्य बोलले. तुझे विनायकराव दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मग मागच्या रांगांतून एकेक जण उठायला लागलं. धारकडच्या एका वसतिगृहातली शिक्षिका, बडवानीहून पहाटेची बस धरून आलेले एक सर, सेंधव्याच्या एका शाळेतली तरुण मुलगी. मी यांच्यापैकी कुणालाही ओळखत नव्हते. आणि गंमत म्हणजे तूही ओळखत नव्हतीस. सगळ्यांची सुरुवात एकच होती, "मैं मॅडम से कभी मिली नहीं." एवढं बोलून ते डोळे पुसायचे.

मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, मैत्रीण रडतेय. मी विचार करत होते की मला कधीही न भेटलेलं माणूस माझ्यासाठी रडेल का? उत्तर मला माहीत होतं, आणि त्या उत्तराचा राग मी तुझ्यावर काढत होते. तेही तुझ्या फोटोसमोर बसून.

तू इंदूरजवळ राऊच्या आमच्या कॉलेजात आलीस तेव्हा मी तिथे नऊ वर्षं कॉम्प्युटर शिकवत होते. सुवर्णपदक मिळवलेली, आजोबांपासून इंदूरची, घरात सगळे अधिकारी नाहीतर मास्तर. तू परभणीची, नवऱ्याच्या बदलीमागून आलेली. तुझी हिंदी ऐकून पहिल्या आठवड्यात मुलं बाकांखाली तोंड घालून हसायची. तू कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणायचीस, "इसको डरने का नहीं. ये बैल के जैसा है, जितना बोला उतनाच करता." मीही हसले होते. तू माझ्या मराठीला हसायचीस तेव्हा फिट्टंफाट झाली, असं मी मानलं. "काल तुला किती फोन लावले मी, तू कुठे होती?" असं मी म्हटलं की तू म्हणायचीस, "अगं 'होतीस' म्हण. तुमच्या इंदूरात 'स' महाग आहे का?"

हसता हसता त्याच आठवड्यात तू मला एक प्रश्न विचारलास.

आपण दोघी लॅबच्या दारात उभ्या होतो. प्रथम वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं, एका मशीनवर दोन-दोन जण. तू बराच वेळ नुसती बघत राहिलीस आणि मग म्हणालीस, "अनु, इथे की-बोर्ड नेहमी मुलांकडेच असतो का गं?"

मी बघितलं. प्रत्येक जोडीत मुलगा टाइप करत होता, आणि शेजारी मुलगी वहीत उतरवून घेत होती. सुंदर अक्षरात, लाल-निळ्या शाईत. गावाकडच्या मुली तर मशीनपासून इतक्या लांब खुर्ची ठेवून बसल्या होत्या की हात लांब केला तरी पोचला नसता.

"त्यांना तसंच आवडतं," मी म्हणाले. "मुलींचं जर्नल एकदम टॉप असतं."

तू पुन्हा आत बघायला लागलीस. पण मला कळलं की नऊ वर्षं मी ज्या खोलीत रोज उभी राहत होते, ती खोली तू चार दिवसांत पाहिलीस. शैला, माझा हेवा तिथे सुरू झाला. तुला पुढे मिळालेल्या मानपत्रापासून नाही, त्या दारापासून.

पुढच्या सोमवारी तू मुलींसाठी वेगळा तास लावलास आणि हाताने लिहून एक धडा काढलास, हिंदीत. आमच्याकडे कागदोपत्री सगळं इंग्रजीत चालायचं; हिंदी माध्यमातून आलेल्या मुली पाठ करून पास व्हायच्या आणि पुढच्या वर्षी सगळं विसरायच्या. तुझ्या पहिल्या धड्यात पोळ्यांचं उदाहरण होतं: पीठ संपेपर्यंत पोळी लाट, भाज, डब्यात ठेव, पुन्हा लाट. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं, समजावायला. तुला वाटलं होतं मुली खूष होतील. गौतमपुऱ्याची पायल तेव्हा शेवटच्या खुर्चीवर बसायची. तिने वही मिटली आणि म्हणाली, "मॅडम, यहाँ भी रोटी?"

सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पण लाल झालीस. दुसरी कुणी असती तर तो विषय तिथेच संपवला असता; मी तर नक्कीच. तू खडू तिच्या हातात दिलास. "तो तू बता. तेरे घर में क्या होता?"

पायलने बटाट्याची छँटाई सांगितली. तिच्या घरी शेतातून बटाटा आला की ढीग घालतात, एकेक उचलायचा, मोठा असेल तर या पोत्यात, मध्यम त्या, छोटा तिसऱ्या, कापला गेला असेल तर घरी खायला, आणि ढीग संपेपर्यंत हेच. "दादी तो बात करते-करते करती है, देखती भी नहीं." तू फळ्यावर तसंच्या तसं उतरवलंस आणि म्हणालीस, "तेरी दादी प्रोग्राम चला रही है." त्या दिवशी पायलने पहिल्यांदा की-बोर्ड ओढून घेतला. मी हे दारातून पाहिलं. आत आले नाही.

तेव्हापासून उदाहरणं मुलींकडूनच घ्यायची, हा तुझा नियम झाला. कुणाचे वडील सियागंजात मसाल्यांच्या दुकानात कामाला, तिने गोदामातल्या पोत्यांचा क्रम कसा लावतात ते आणलं. वीस-बावीस धडे झाल्यावर तू ते सगळे नेटवर टाकलेस. साधं पान, नक्षी नाही, रंग नाही. वर एवढंच: कुणीही घ्या, बदला, आपल्या बोलीत करा, पुढे द्या.

आणि मग तू माझ्याकडे आलीस.

माझे साठ प्रश्न तुला माहीत होते. सगळ्या कॉलेजला माहीत होते. सोप्यापासून अवघडापर्यंत, एकावर एक चढत जाणारे. पहिला सोडवला की दुसऱ्याची वाट आपोआप दिसायची. मी ते वर्षानुवर्षं घासूनपुसून केले होते, वर्गात एकेक द्यायचे आणि कागद परत घ्यायचे. तू डबा उघडलास, शेंगदाण्याची चटणी माझ्या झाकणात वाढलीस आणि म्हणालीस, "अनु, तुझे प्रश्न दे ना. माझे धडे ठीक आहेत, पण माझ्या प्रश्नांत दम नाही. मी हिंदीत करते, तुझ्या नावाने टाकते."

"मी पुस्तक करून राहिली आहे त्यांचं," मी म्हणाले.

"कर की. पुस्तक निघेपर्यंत मुलींना वापरू दे."

"असं वाटून टाकलं की कोणी विचारत नाही, शैला. सगळं फुकट, तर मग आपण कशाला?"

तू घास हातात धरून माझ्याकडे पाहिलंस. "आपण कशाला म्हणजे? आपण शिकवायला."

हा वाद आपण त्यानंतर कितीदा घातला! माझं म्हणणं, मेहनतीला नाव पाहिजे, वजन पाहिजे. तुझं म्हणणं, झाबुआच्या मुलीला तुझं नाव काय करायचंय. दर वेळी तू हसत उठायचीस आणि मी चिडून. पुस्तक निघालं नाही, हे तुला माहीत आहे. पण मी ते कधी सुरूच केलं नव्हतं, हे तुला माहीत नव्हतं.

तुझं पान पसरत गेलं. निमाडीत झालं, भिलीत काही धडे झाले. कॉम्प्युटर नसलेल्या शाळांसाठी कुणी कागदावरचे खेळ करून परत पाठवले. एके दिवशी रतलामकडच्या एका बाईंनी लिहिलं, माझी एक विद्यार्थिनी दृष्टिहीन आहे, धडे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तुमच्या चित्रांपाशी गप्प बसतं. तू दोन महिने बसून प्रत्येक चित्राचं शब्दांत वर्णन लिहिलंस. मी विचारलं, "एका मुलीसाठी एवढं?" तू मान वर न करता म्हणालीस, "एकच आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

उत्तर मला घरी जाऊन सुचलं आणि ते वाईट होतं.

आता जे सांगायचं आहे ते ऐक. तुझ्या पानावर धड्याखाली अभिप्रायाची जागा होती. मी एका रविवारी दुपारी तुझे सगळे धडे वाचायला बसले. शिकायला नाही, चुका शोधायला. चौथ्या धड्यात सापडली. तुझा लूप दहा वेळा चालायला हवा होता, तो नऊ वेळा चालत होता. नवशिक्याची चूक. मला अक्षरशः आनंद झाला. मी हिंदीत कडक भाषेत लिहिलं की शिकवणाऱ्यानेच अशी चूक करावी हे खेदजनक आहे. आणि खाली नाव म्हणून लिहिलं, "एक पाठक, इंदौर".

दुसऱ्या दिवशी तू स्टाफरूममध्ये आलीस तीच मोबाइल पुढे करून. "अनु, बघ, इंदूरचे कुणी पाठक आहेत. किती बारीक वाचलंय बघ! चूक काढली माझी. बरोबर आहे गं त्यांचं." मी एक वाचक म्हणून लिहिलं होतं, तू त्याचं आडनाव केलंस. संध्याकाळपर्यंत चौथा धडा दुरुस्त झाला होता आणि खाली ओळ होती: इस पाठ की ग़लती सुधारी, पाठकजी, इंदौर.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. दोन वर्षांत मी पंधरा-सोळा वेळा लिहिलं असेल. सुरुवातीला टोचून, मग तुझी उत्तरं इतकी सरळ यायची की टोचणं जमेना. "पाठकजी, आपने सही पकड़ा." "पाठकजी, ये मेरे को नहीं सूझा था." मग तू त्यांना विचारायला लागलीस. हा धडा आधी ठेवू की तो? मुलींना इथे अडतं, काय करू? आणि मी उत्तरं द्यायला लागले, शैला. लांबलचक, मनापासून. जे तुला टेबलापलीकडे मान वळवून सांगता आलं असतं, ते मी घरी बसून एका खोट्या माणसाच्या नावाने लिहीत होते.

आणि तू मला त्यांच्याबद्दल सांगायचीस. "पाठकजी निवृत्त असणार बहुतेक. एकटे असतील का गं? पण काय माणूस आहे, काही मागत नाही, नाव मिरवत नाही, नुसतं देत राहतो." हे तू माझ्याच झाकणात चटणी वाढताना म्हणालीस. तू माझ्याबद्दल असं कधी बोलली नव्हतीस. बोलणार कशी? मी काही दिलंच नव्हतं. तुझ्या तोंडून त्या माणसाचं कौतुक ऐकताना मी जळायचे. मी माझ्याच खोट्या नावाचा हेवा केला. याहून खालची पायरी मला माहीत नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं आणि तीन महिन्यांत सगळं आवरलं.

शेवटच्या आठवड्यात मी दुपारी दवाखान्यात आले होते. विनायकराव औषधं आणायला खाली गेले होते. तू उशीला टेकून बसली होतीस, हात इतके बारीक झालेले की बांगडी कोपरापर्यंत जायची. तू म्हणालीस, "अनु, एक काळजी आहे."

मला वाटलं, लेकीच्या, ईशाच्या लग्नाबद्दल काही सांगशील.

"त्या पाठकजींना कसं कळवायचं? मी किती दिवसांत उत्तर नाही दिलं. त्यांना वाटेल, मी रागावले. म्हातारा माणूस, वाईट वाटून घेईल."

शैला, तेव्हा खोलीत आपण दोघीच होतो. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. मला फक्त तीन शब्द म्हणायचे होते. मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली आणि म्हणाले, "कळेल त्यांना. तू आराम कर."

घरी आले आणि पाठकजींच्या नावाने लिहिलं, "सुना है आप अस्वस्थ हैं. चिंता न करें, आराम करें." तासाभरात तुझं उत्तर आलं. "पाठकजी, आप कौन हैं, ये तो बताओ. एक बार आ जाओ मिलने. दिन में कभी भी."

मी ते रोज उघडून वाचायचे आणि बंद करायचे. पाचव्या दिवशी विनायकरावांचा फोन आला.

कधी कधी मनाला समजावते की तुला कळलं होतं, तू मुद्दाम मला संधी देत होतीस. पण तो माझ्या सोयीचा विचार आहे. तुला कळलं असतं तर तू त्याच क्षणी ओरडली असतीस, "अगं ए, तू होतीस होय!" आणि नर्सला बोलावून सांगितलं असतंस. तुला लपवता येत नसे. तू एका परक्या, एकट्या म्हाताऱ्याची काळजी करत गेलीस, आणि तो म्हातारा तुझ्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसून होता.

शोकसभेत सगळ्यात शेवटी पायल बोलली. आता ती तिच्याच भागातल्या मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. रडली नाही. म्हणाली, "मॅडम ने मुझे पढ़ाया कम, मुझसे पूछा ज़्यादा." आणि मग माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर, "अनुराधा मॅडम के सवाल भी बहुत अच्छे थे. मैंने दो-चार याद से लिख के रखे हैं, अपनी बच्चियों को देती हूँ. गलत हों तो मॅडम माफ़ करें." माझे प्रश्न आठवून आठवून, अर्धेमुर्धे, चोरून वापरावे लागतात, आणि वर त्याची माफी मागावी लागते. मी पदर डोळ्यांना लावला. या वेळी खरंच रडले.

चार दिवसांनी विनायकराव घरी आले. तुझ्या पानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एका चिठ्ठीवर लिहून आणला होता. "ती म्हणाली होती, अनुलाच द्या. दुसऱ्या कोणाला कळणार नाही ते." चहा घेतला नाही त्यांनी. दारात चपला घालताना म्हणाले, "तुमचं आणि तिचं रोज भांडण व्हायचं ना? घरी आली की सांगायची. तुमच्यावर चिडून नाही हं. आज अनु असं बोलली, तसं बोलली. जेवताना तुमचाच विषय असायचा."

मी तुझं पान आतून उघडलं. अर्धवट धडे, उत्तरं द्यायची राहिलेली पत्रं. लूपच्या धड्याला तू अभ्यासासाठी सहा प्रश्न जोडले होतेस. खरं सांगते, फार कच्चे होते. त्यांच्यावर, बाहेर कुणाला दिसणार नाही अशी, तुझी स्वतःसाठीची टीप होती: "अनुचे आले की हे काढायचे." तारीख पाहिली. आपलं पहिलं भांडण झालं त्याच आठवड्यातली. तेव्हापासून तू ती पुसली नव्हतीस.

तुझे सहा प्रश्न मी काढले. माझे साठ टाकले. हिंदी करताना दमछाक झाली. बोलताना जी हिंदी पाण्यासारखी येते, ती लिहिताना सरकारी होऊन बसते. पायलला फोन केला, तिने वाचून दुरुस्त केलं. सतरा ठिकाणी म्हणाली, "मॅडम, ऐसे कोई नहीं बोलता." मी ऐकून घेतलं. पाठकजींची तुझ्या पानावरची सगळी नावं खोडली आणि जिथे जिथे ती होती तिथे माझं पूर्ण नाव घातलं. कौतुकासाठी नाही. पहिलं जे पत्र होतं, खेदजनकवालं, त्याच्याखालीही घातलं.

तुला वाटेल आता मला हलकं वाटत असेल. नाही वाटत. काल सकाळी पहिला निरोप आला, अलीराजपूरच्या कुणा मुलीचा. लिहिलं होतं, "शैला मॅडम, आपका सवाल २३ समझ नहीं आ रहा."

आपका सवाल! साठ प्रश्न माझे, आयुष्यभर जपलेले, आणि नाव पुन्हा तुझंच. मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

मी लिहिलं, "बेटा, शैला मॅडम अब नहीं रहीं. मैं अनुराधा हूँ." मग तेविसावा प्रश्न समजावून दिला. माझ्या आधीच्या पद्धतीने समजेना, म्हणून तिलाच विचारलं की तुझ्या घरी काय काय होतं. तिने महुआ वेचण्याचं सांगितलं: झाडाखाली पडलेली फुलं, टोपली भरली की ओतायची, पुन्हा वेचायची. त्यावरून आम्ही दोघींनी तो सोडवला. माझ्या प्रश्नातला एक शब्द मला बदलावाही लागला.

मग तिने विचारलं, "तो अब आप पढ़ाओगी?"

मी 'हाँ' लिहिलं. तिने लगेच चोविसाव्या प्रश्नाचा फोटो पाठवला.